न वाजलेली घंटा



सर्वप्रथम क्षमायाचना. यंदाच्या गणेशोत्सवाचे निमंत्रणपत्र आपल्यापैकी अकरा घरांना पोचले नाही. आता ई-मेल आहे, फोन आहेत, तरीही छापील पत्र हवे असणारी बरीच घरे आपल्या मंडळात आहेत आणि त्यांच्या पाकिटांवर पत्ते चिकटवण्याचे काम आम्हा स्वयंसेवकांकडे असते. उत्सव पार पडला, आरत्या झाल्या, मोदक संपले, हॉल झाडून किल्ली परत केली. चार दिवसांनी एका नव्या सभासदाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, संकोच होता. "तुमच्याकडे नव्या माणसांना बोलवायची पद्धत नाही का हो?" एवढेच त्यांनी विचारले. नवरा-बायको आणि तान्हे मूल, परदेशातला पहिलाच गणपती, आणि तो त्यांनी घरात बसून काढला. आम्हाला काय बोलावे ते सुचेना.

चौकशी करता अकरा घरे निघाली. सगळी वर्षभरात नव्याने आलेली किंवा घर बदललेली. म्हणजे ज्यांना मंडळाची सर्वात जास्त गरज, नेमकी तीच! हे कसे झाले, ते शोधता शोधता आम्ही संगणकाच्या घंटेच्या इतिहासात शिरलो, आणि तो इतिहास आपल्या अगदी शेजारी, अ‍ॅक्रन शहरापर्यंत येऊन पोचला. म्हणून हा लेख. चुकीची कबुली तर आहेच, पण त्यातून जे कळले ते आपल्या घरीही उपयोगी पडावे असे वाटते.

त्याचे असे झाले. मंडळाचा पत्ते छापण्याचा प्रोग्राम फार जुना, १९९० च्या दशकात एका हौशी सभासदाने बेसिक भाषेत लिहिलेला. सरळ, साधा आणि प्रामाणिक. एखाद्या पत्त्यात झिप कोड नसेल तर तो 'टूं' असा आवाज करी, ते नाव बाजूला ठेवी आणि पुढचे लेबल छापी. बसलेला माणूस आवाज ऐकून वहीत खूण करी व नंतर तो पत्ता पुरा करी. इतकी वर्षे हे सुरळीत चालले. मागच्या वर्षी जुना संगणक बंद पडला. आम्ही दुसरा आणला आणि जुन्या डॉसचे सोंग घेणाऱ्या एका प्रोग्रामच्या आत आपला प्रोग्राम बसवला. लेबले सुबक छापली गेली. एकदाही आवाज झाला नाही. आम्ही खूश झालो की यंदा सगळे पत्ते बिनचूक आहेत!

प्रत्यक्षात प्रोग्रामने अकरा वेळा घंटा वाजवली होती. पण नव्या संगणकाचा आवाज मॉनिटरकडे पाठवला जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. हाक मारणारा हाक मारत होता, पण त्याच्या तोंडाचा आणि आमच्या कानाचा संबंध तुटला होता.

आम्ही पोटापाण्यासाठी रसायनशास्त्र करतो. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात की फिनॉल्फ्थॅलिन घातल्यावर द्रावण गुलाबी झाले नाही, तर लगेच 'यात अल्कली नाही' असे लिहू नये. आधी ती बाटली तपासावी. माहितीच्या अल्कलीत एक थेंब टाकावा. तिथे गुलाबी रंग आला, तरच दुसऱ्या परीक्षानळीतल्या रंगहीनतेला अर्थ आहे. बाटलीच खराब असेल तर रंगहीनता काहीच सांगत नाही. हे आम्ही इतरांना शिकवत आलो आणि मंडळाच्या संगणकापुढे बसताच साफ विसरलो. असो.

आता घंटेची गोष्ट सांगतो.

संगणकाची घंटा ही एके काळी खरोखरीची घंटा होती. आपल्यातल्या ज्येष्ठांना टाइपरायटर आठवत असेल. मुंबईत गोदरेजने १९५५ पासून बनवलेला टाइपरायटर कित्येक कचेऱ्यांतून खडखडत असे. ओळीचा शेवट जवळ आला की आत बसवलेली छोटी घंटा 'टिंग' करी आणि टंकलेखक मान वर न करता गाडी मागे सारी. तारखात्यात आणि वर्तमानपत्रांच्या कचेरीत टेलिप्रिंटर आले तेव्हा त्यांतही घंटा आली, पण एका मोठ्या फरकाने. ही घंटा यंत्रासमोर बसलेला माणूस वाजवत नसे. शेकडो मैलांवरचा माणूस तारेवरून एक खूण पाठवी आणि इकडची घंटा वाजे. वृत्तसंस्था महत्त्वाच्या बातमीआधी घंटा वाजवीत. बातमी जितकी मोठी तितके ठोके जास्त. उपसंपादक चहा टाकून यंत्राकडे धावे. म्हणजे घंटा ही अक्षरांसारखीच एक 'अक्षर' झाली. छापली न जाणारी, फक्त ऐकू येणारी.

१९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देणारी आस्की ही प्रमाण संहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा या घंटेला त्यात मानाची जागा मिळाली. क्रमांक ७. इंग्रजी वर्णमालेतले सातवे अक्षर जी, म्हणून कंट्रोल आणि जी ही बटणे एकत्र दाबली की घंटेची खूण जाई. त्याच वर्षी बाजारात आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रात धातूची घंटा होती. सेकंदाला दहा अक्षरे छापणारे हे यंत्र पुढे कितीतरी संगणकांचे तोंड आणि कान बनले. संगणकाने ७ पाठवला की लोखंडी ठोका पितळी वाटीवर पडावा तसा आवाज होई. त्यात चुकण्यासारखे फारसे काही नव्हते.

आपल्या मराठीशी याचा संबंध आहे तो असा. भारतात १९९१ साली प्रमाण ठरलेल्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संहितेने आस्कीच्या पहिल्या १२८ जागा जशाच्या तशा ठेवल्या आणि देवनागरी पुढच्या जागांत बसवली. आज आपण वापरतो त्या युनिकोडमध्येही सातव्या जागी घंटाच आहे. म्हणजे मराठी मजकुराच्या घरातही उंबरठ्याशी ही न दिसणारी घंटा टांगलेली आहे. आता ती वाजते की नाही, हा प्रश्न निराळा.

१९७० च्या दशकात कागदी यंत्रे जाऊन पडदे आले. पडद्याला धातूची घंटा कोठली? मग तिच्या जागी विजेचा 'बीप' आला. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. त्याच्या पोटात सव्वादोन इंचांचा एक स्पीकर होता. तो वाजवण्याची युक्ती मोठी मजेशीर. इंटेलची ८२५३ नावाची चिप सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके मोजत असे. तिला 'दर १,४९१ ठोक्यांनी एकदा' असे सांगितले की सेकंदाला सुमारे ८०० कंपने होत आणि स्पीकर वाजे. आयबीएमच्या बेसिक भाषेत नुसते 'बीप' असे लिहिले की ८०० कंपनांचा आवाज पाव सेकंद येई. आपल्या मंडळाच्या प्रोग्रामात तोच एक शब्द आहे.

याच संगणकाची आणखी एक सवय आमच्या दृष्टीने फार मोलाची. बटण दाबले की तो आधी स्वतःची तपासणी करी आणि सगळे ठीक असेल तर एक छोटा बीप देई. काही बिघाड असेल तर वेगळ्या प्रकारचे बीप, त्यांच्या संख्येवरून दुरुस्ती करणारा रोग ओळखी. नीट विचार करा, मंडळी. सगळे ठीक असतानाही तो वाजत असे! त्या एका बीपमुळे दोन गोष्टी कळत, यंत्र धडधाकट आहे आणि त्याची वाचाही शाबूत आहे. काहीच ऐकू आले नाही तर माणूस समजे की काही तरी चुकले आहे. रोज सकाळी फिनॉल्फ्थॅलिनची बाटली आपोआप तपासली जात होती म्हणा ना.

नंतर या घंटेचे मार्ग बदलत गेले. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे ध्वनिकार्ड आणले आणि संगणक गाऊ-बोलू लागला. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये इशाऱ्यासाठी ध्वनीच्या तयार फाइली आल्या, 'डिंग', 'चाइम्स', 'टाडा' वगैरे. कोणत्या घटनेला कोणता आवाज, हे आता वापरणाऱ्याने ठरवायचे होते, आणि 'कोणताच नको' असेही ठरवता येत होते. विंडोज ९५ सुरू होताना वाजणारी धून तर ब्रायन ईनो या नामवंत संगीतकाराकडून करून घेतलेली होती. घंटा सुस्वर झाली, पण ती आता थेट तारेवर राहिली नाही. प्रोग्राम, प्रणाली, आवाजांची यादी, ध्वनिकार्डाचा ड्रायव्हर, आवाजाची पट्टी, वायर आणि स्पीकर अशी सात हातांतून जाणारी ती एक चिठ्ठी झाली. कोणताही एक हात सुटला की चिठ्ठी गहाळ.

मॅकिंटॉशची गंमत वेगळीच. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीचा आणि संगणकवाल्या अ‍ॅपलचा नावावरून जुना तंटा होता. १९८१ सालच्या समझोत्यात संगणकवाल्यांनी संगीताच्या धंद्यात पडायचे नाही असे ठरले होते. पुढे तिथल्या जिम रीक्स यांनी इशाऱ्याचा नवा आवाज केला, तेव्हा त्याचे नावसुद्धा संगीताशी जुळता कामा नये असे वकिलांचे म्हणणे. रीक्स यांनी 'सोसुमी' असे नाव दिले आणि हा जपानी शब्द आहे असे सांगून टाकले. इंग्रजीत भरभर म्हणून पाहा, अर्थ निघतो, 'करा माझ्यावर खटला'! १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये तो आवाज घराघरांत गेला. पण आम्हाला जास्त आवडली ती जुन्या मॅकची दुसरी एक बाब. आवाज अगदी शून्यावर आणला असेल तर इशाऱ्याच्या वेळी पडद्यावरची मेनूची पट्टी लखकन चमके. तोंड बांधले तर डोळ्याने खुणावायचे. घंटेचे काम काय आहे ते बनवणाऱ्याने ओळखले होते.

विंडोजच्या बाजूला पुढे एक मोठा बदल झाला. जुना 'बीप' हा त्या टाइमर चिपसाठीच लिहिलेला होता. पण नव्या यंत्रांत ती चिप आणि तो छोटा स्पीकर पूर्वीसारखा जोडलेला असेलच याची खात्री राहिली नाही. तेव्हा विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा यांच्या ६४ बिटच्या आवृत्त्यांत या बीपचा आधारच काढून टाकला गेला. २००९ साली विंडोज ७ आले, त्यात तो नव्याने लिहून ध्वनिकार्डाकडे वळवला. दोन्ही निर्णयांना तांत्रिक कारणे होती. पण मधल्या काळात ज्यांचे जुने प्रोग्राम 'बीप' एवढा एकच शब्द बोलत होते, त्यांचे काय? त्या प्रोग्रामांना हे कोणी सांगितले नाही आणि सांगणार तरी कसे? प्रोग्राम आज्ञा देई, प्रणाली 'ठीक' म्हणे, आणि खोलीत शांतता असे. चुकीचा संदेशसुद्धा नाही.

यातली खरी मेख इथे आहे. प्रिंटर बिघडला तर कळते, कारण कागद येत नाही. पडदा बिघडला तर कळते, कारण काळोख होतो. घंटा बिघडली तर मात्र जे होते ते अगदी सगळे ठीक असल्यासारखेच दिसते. शांतता. तिचे दोन अर्थ असतात आणि दोन्ही सारखेच ऐकू येतात.

अकरा घरांची निमंत्रणे चुकली ही आमच्या मनाला लागलेली गोष्ट, पण जगाच्या दृष्टीने लहान. याच चुकीने किती मोठा घोटाळा होऊ शकतो, ते आपल्यापैकी अनेकांनी याच गावात राहून पाहिलेले आहे. १४ ऑगस्ट २००३, गुरुवार. आम्ही तेव्हा महाराष्ट्रात शाळेत होतो. भारनियमनामुळे मेणबत्ती लावून अभ्यास करण्याची आम्हाला सवय, पण अमेरिकेतही दिवे गेले ही बातमी ऐकून वर्गात सगळे चकित झाले होते. ओहायो, मिशिगन, न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅनडातले ओंटारियो मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. क्लीव्हलंडचे पाण्याचे पंपसुद्धा थांबले. अमेरिका आणि कॅनडाच्या संयुक्त कृतिदलाने पुढे एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल दिला, त्यात त्या दुपारचा मिनिटामिनिटाचा हिशेब आहे.

आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या फर्स्टएनर्जी कंपनीचा नियंत्रण कक्ष अ‍ॅक्रनमध्ये होता. तिथे जनरल इलेक्ट्रिकची एक्सए-२१ ही संगणक प्रणाली होती. एखादी वीजवाहिनी बंद पडली किंवा दाब घसरला की प्रणाली आवाज करी आणि पडद्यावर खूण दाखवी. शेकडो आकड्यांवर सतत डोळा ठेवणे माणसाला शक्य नसते, म्हणून कक्षातली माणसे त्या इशाऱ्यावर विसंबून असत.

दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर हा इशारा देणारा भाग गोठला. त्याने 'मी गोठलो' असे सांगितले नाही. कक्षातल्या लोकांना वाटले, शांत दुपार आहे. २ वाजून ३२ मिनिटांनी शेजारच्या वीज कंपनीतून फोन आला की दोघांमधली एक वाहिनी क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झालेली दिसते. इकडे तर काहीच इशारा नव्हता! मग फोन करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की आपल्या शांततेवर? ज्याला शांततेची सवय आहे, तो शांततेवरच ठेवतो.

इकडे न हाताळलेल्या इशाऱ्यांची रांग वाढत गेली आणि तिच्या ओझ्याने २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य सर्व्हर कोलमडला. काम आपोआप राखीव सर्व्हरकडे गेले, पण गोठलेला भाग जसाच्या तसा तिकडे पोचला आणि २ वाजून ५४ मिनिटांनी राखीव सर्व्हरही पडला. या वेळी एक निरोप आपोआप गेला, पण तो संगणक विभागाच्या माणसांना. त्यांनी धावपळ करून मुख्य सर्व्हर पुन्हा सुरू केला. ३ वाजून ८ मिनिटे. तपासणीत सगळ्या प्रक्रिया चालू दिसल्या. काम झाले असे त्यांनी मानले. मात्र इशारा अजून गोठलेलाच होता, आणि 'इशारा वाजतो का हो आता?' असे नियंत्रण कक्षाला कोणी विचारलेच नाही.

मंडळी, हे वाचताना आमच्या पोटात कालवले. एवढी मोठी माणसे, एवढी मोठी यंत्रणा, आणि चूक तीच! 'प्रोग्राम चालू आहे' आणि 'घंटा ऐकू येते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पडद्यावर पाहून कळते, दुसरी वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तोवर बाहेर वेळ निघून चालली होती. ३ वाजून ५ मिनिटांनी, ३ वाजून ३२ मिनिटांनी आणि ३ वाजून ४१ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या. ३ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास कक्षातल्या एकाने संगणक विभागाला सांगितले की इशारे येत नाहीत असे दिसते. जवळजवळ दीड तास होऊन गेला होता. ४ वाजून ६ मिनिटांच्या आतबाहेर सॅमिस-स्टार ही मोठी वाहिनी गेली आणि मग काही कोणाच्या हाती राहिले नाही. ४ वाजून १३ मिनिटांपर्यंत सगळे संपले होते. ६१,८०० मेगावॅटचा पुरवठा बंद.

न्यायाने बोलायचे तर अंधार केवळ घंटेमुळे झाला नाही. वाहिन्यांखालची झाडे छाटलेली नव्हती, आणि शेजारच्या देखरेख यंत्रणांच्याही उणिवा निघाल्या. पण इशारा वेळेवर आला असता तर काही भागाची वीज मुद्दाम बंद करून बाकीचे जाळे वाचवायला अवधी मिळाला असता. बिघाडाचे मूळ सापडायला तज्ज्ञांना कित्येक आठवडे लागले. प्रणालीतल्या दोन प्रक्रियांनी एकाच माहितीवर अगदी एकाच क्षणी लिहायला घेतले आणि तो भाग त्याच त्या फेऱ्यात अडकून बसला. वर्षानुवर्षे न झालेला योगायोग त्या दुपारी झाला.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. जुने प्रोग्राम अजून पुष्कळ घरांत आहेत. हिशेबाचे, दुकानाचे, मराठी टंकलेखनाचे, मुलांचे जुने खेळ. त्यांतली घंटा हरवली तर कोठे शोधावी, ते आमच्या अनुभवावरून सांगतो.

पहिले, घंटा मुळात वाजवली जाते का ते पाहावे. मुद्दाम चूक करावी, म्हणजे ज्या चुकीला प्रोग्राम पूर्वी वाजत असे तीच. विंडोजच्या आज्ञांच्या काळ्या खिडकीत 'एको' हा शब्द इंग्रजीत लिहून, एक जागा सोडून, कंट्रोल आणि जी एकत्र दाबून एंटर केल्यास घंटा क्रमांक ७ जाते. ती वाजली तर पुढचा रस्ता मोकळा आहे आणि दोष प्रोग्रामाच्या बाजूला आहे.

दुसरे, आवाज कोणत्या तोंडाकडे चालला आहे ते पाहावे. मॉनिटर, हेडफोन, दुसऱ्या खोलीतला बिनतारी स्पीकर. आमचे घोडे इथेच अडले होते.

तिसरे, आवाजाच्या पट्ट्या पाहाव्यात. व्हिस्टापासून विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामची पट्टी वेगळी असते, त्यामुळे गाणी ऐकू येतात पण एकच प्रोग्राम मुका असतो असे होऊ शकते. आवाजांच्या यादीत 'कोणताच आवाज नको' असे निवडलेले असेल तर तेही बदलावे.

चौथे, आपण दूरच्या संगणकावर आपल्या खोलीतून काम करत असलो तर बीप त्या संगणकाजवळ न वाजता आपण बसलो असू तिथे वाजतो. तिथे ऐकणारा कोणी नसेल तर घंटा वाजूनही उपयोग नाही.

पाचवे, खरेच जुना संगणक असेल तर झाकण उघडून तो छोटा स्पीकर मुळात आहे का आणि त्याची वायर जागेवर आहे का ते पाहावे. मात्र आधी विजेचा प्लग काढावा!

आणि सर्वात महत्त्वाचे, केवळ घंटेवर भिस्त ठेवू नये. आम्ही मंडळाच्या यादीत आता पहिलेच नाव टाकले आहे 'श्री. घंटाकर्ण', पत्ता अपुरा, झिप कोड नाही. विष्णूचे नाव कानी पडू नये म्हणून कानात घंटा बांधणाऱ्या त्या घंटाकर्णाला आम्ही उलट कामाला लावले आहे. प्रोग्राम सुरू होताच या नावाला घंटा वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर लेबले छापायचीच नाहीत. शिवाय शेवटी तीन आकडे छापले जातात. यादीत नावे किती, लेबले किती, बाजूला ठेवलेली किती. पहिला आकडा दुसऱ्या दोहोंच्या बेरजेइतका आलाच पाहिजे, आणि तिसऱ्यातून एकटे घंटाकर्ण वगळता जे उरतील त्यांना फोन करायचा.

जाता जाता एक घरगुती विनंती. आपल्याकडे फोडणी जरा खमंग झाली की छतावरचा धुराचा गजर कोकलतो, आणि पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून कोणी तरी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढतो. ती परत घालायची राहते. या गजराची बॅटरी संपत आली की तो थोड्या थोड्या वेळाने 'चिक' करतो. ते आपल्याला वैताग वाटते, पण त्यामागे मोठे शहाणपण आहे. आपली शांतता दुहेरी अर्थाची होऊ नये याची तो काळजी घेतो. बॅटरी काढून त्याचे तोंडच बंद केले तर ते शहाणपण वाया जाते. तेव्हा आज हा अंक खाली ठेवल्यावर प्रत्येकाने गजराचे चाचणीचे बटण एकदा दाबून पाहावे. आवाज आला तर उत्तम. नाही आला तर बॅटरी आजच बदला, आणि यंत्र दहा वर्षांहून जुने असेल तर यंत्रच बदला.

ज्या अकरा घरांना निमंत्रण गेले नाही त्यांच्याकडे आम्ही प्रसाद घेऊन स्वतः जाऊन आलो. त्या नव्या जोडप्याने चहा केला, बाळ आमच्या कडेवर आले, आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' हे त्यांनी गणपतीऐवजी आम्हालाच सांगितले. मन हलके झाले. तरीही पुढचे पत्र संक्रांतीच्या समारंभाचे आहे. ते समारंभाआधी दोन आठवडे आपल्या हाती पडले नाही, तर 'आपल्याला बोलावले नसेल' असे कृपा करून समजू नका. आमची घंटा पुन्हा बंद पडली आहे असे समजा आणि हक्काने फोन करा. मंडळाला सभासदांच्या हाकेइतकी खात्रीची दुसरी घंटा नाही.

घर बदललेल्यांनी नवा पत्ता कळवावा, झिप कोडसह!